राहत्या घराचा बचाव

पोलिसाने खिडकीच्या काचेवर टकटक केली तेव्हा केलेपीने गाडी बंदसुद्धा केली नव्हती. शनिवारची दुपार कलली होती, पण ऊन कडकच होतं. समोर पायरीवर त्याची बायको लेसिएली वाळलेले कपडे हातावर घेऊन उभी होती. नाताळानंतर पहिल्यांदाच तो या अंगणात गाडी घेऊन शिरला होता. पोटात चार बाटल्या बिअर होती आणि ओठांवर एक वाक्य होतं. त्या वाक्यात तो इतका गुंतला होता की मोठ्या रस्त्यापासून मागे लागलेली पोलिसांची गाडी त्याला दिसलीच नव्हती.

"उतरा खाली." कोवळा पोरगाच होता तो, उन्हाने नाक सोललेला, छातीवर इवलासा कॅमेरा लावलेला. "कालव्याच्या वळणावर गाडी पार पलीकडच्या बाजूला गेली होती तुमची. काही घेतलंय का?"

"घेतलंय, साहेब."

"हे घर तुमचं? इथेच राहता का?"

हा प्रश्न केलेपीला काही नवा नव्हता. द्राक्षांच्या कारखान्यात, किराण्याच्या दुकानात, डॉक्टरकडे, कुणी ना कुणी विचारायचंच. उत्तर जिभेवर तयार असायचं, मनाला विचारायला जावं लागत नसे. बेटावरच्या माणसाचं असंच असतं. तो पोटासाठी कुठेही जाऊन राहो, घर म्हटलं की त्याला आईबापांच्या थडग्यांवर पसरलेली पांढरी वाळू दिसते.

"नाही साहेब," तो म्हणाला. "माझं घर एउआला. टोंगात."

लेसिएलीच्या हातावरून एक टॉवेल घसरून पायरीवर पडला. तिने तो उचलला, झटकला, नीट घडी घातली आणि ती आत गेली. जाळीचं दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर केलेपीला बरं वाटलं असतं.

मग तिथेच अंगणात नळीत फुंकणं झालं. पुढे ठाण्यात नेऊन मोठ्या यंत्रात पुन्हा फुंकणं झालं. आकडा मर्यादेच्या बराच वर निघाला, परवाना जमा झाला आणि हातात कोर्टाची तारीख पडली.

त्या उत्तराने काय केलं होतं ते केलेपीला ठाण्यातल्या बाकावर बसल्यावर उमगलं. अकरा वर्षं लेसिएलीने हेच तर ऐकलं होतं. नळ गळायचा, तर "राहू दे, आपलं घर थोडंच आहे." तिने कुंपणाशी लिंबाचं रोप लावलं, तर "फळं खायला आपण असणार आहोत का इथे?" भिंतींना रंग नाही, खिळ्याला तसबीर नाही. टोंगाहून आणलेली दोन खोकी अजून दोरी न सोडता पलंगाखाली होती. आणि नाताळाच्या दिवशी, दोघी पोरी समोर बसलेल्या असताना, तो एउआवर बांधायच्या घराच्या खिडक्या कुठल्या बाजूला असाव्यात ते रंगवून सांगायला लागला. लेसिएलीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"अकरा वर्षं मी धक्क्यावर बसलेय, केलेपी," ती म्हणाली, "सामान बांधून. तुझं जहाज काही येत नाही. पोरींची शाळा इथे, माझी नोकरी इथे, माझी माणसं इथे. ज्याचं घर इथे नाही त्याने इथे झोपावं तरी कशाला?"

तो चटई उचलून तरातरा निघाला आणि तेव्हापासून चर्चच्या मागच्या हॉलमध्येच झोपत होता. राग कालव्यापर्यंतसुद्धा पुरला नाही, पण मागे वळायला मान तयार नव्हती. मोठी बहीण त्याच गावात होती. पण बहिणीच्या छपराखाली भाऊ झोपत नाही, एवढी मर्यादा त्यांच्यात अजून पाळतात. ऑस्ट्रेलियातल्या मरंबिजी नदीच्या कालव्यांवर वसलेलं ते गाव केवढंसं! तरीही त्याला जायला जागा उरली नव्हती.

रविवारी मात्र चर्चमध्ये दोघं एका छपराखाली येत. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. भजनाला सुरुवात झाली की तिचा आवाज वरून यायचा आणि त्याचा खर्ज खालून त्याला आधार द्यायचा. नाताळापासून नवराबायकोचं बोलणं काय ते एवढंच.

*

वकीलबाईंचं नाव लिव्हिया बोर्टोलान. त्यांचे आजोबा इटलीतून इथे द्राक्षं लावायला आले होते. टेबलावर कागदांचा ढीग होता आणि त्यावर अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"एकेक बघू या," त्या म्हणाल्या. "तुमच्या नकळत कुणी पेयात मिसळलं होतं का? मर्यादेच्या आत आहोत असं प्रामाणिकपणे वाटत होतं तुम्हाला?"

"बाई, बाटल्या मीच उघडल्या. चारही."

"गाडी चालवल्याला दोन तास उलटल्यावर चाचणी घेतली का त्यांनी?"

"इंजिन चालूच होतं."

"गाडी थांबवल्यावर प्यायलात, असं काही?"

"नाही हो."

"कुणाच्या जिवावर बेतलं होतं? दवाखान्यात न्यायचं होतं कुणाला? तसं संकट असेल तर कायदा ऐकून घेतो."

"संकट होतं," केलेपी म्हणाला, "पण ते नाताळापासूनचं होतं. शनिवारचं असं काही नव्हतं."

बाईंनी सफरचंदाचा एक घास घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्यासारखा अशील मिळाला की वकिलाला घरी बसायची वेळ येते. बरं, मशीन नीट होतं, कागद नीट आहेत. चाचणी घेतली कुठे? रस्त्यावर?"

"अंगणात."

बाई सरळ बसल्या. "कुणाच्या?"

 केलेपीची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत राहिली.

"ऐका," बाई म्हणाल्या. "या राज्यात माणूस आपल्या राहत्या घराच्या आवारात पोहोचला की पोलिसाला त्याला नळीत फुंक म्हणायचा अधिकार नाही. अंगणसुद्धा घरातच धरतात. ती पहिली चाचणीच बेकायदा ठरली तर पुढचं सगळं कोसळू शकतं. परवान्यावर पत्ता कुठला आहे?"

"तोच."

"भाडेकरारावर नाव?"

"दोघांचं."

"मग झालं की!"

"मी तिथे झोपत नाही, बाई. आणि पोलिसाला मी सांगून बसलोय की माझं घर एउआला."

बाईंनी कपाळावर हात मारला. "का? असं का सांगितलंत?"

"आमच्यात कुणीही विचारलं तरी तसंच सांगतात."

त्यांनी पेन दोनदा टेबलावर आपटलं. मग म्हणाल्या, "हॉलची गोष्ट लपवायची नाही. खोटं मी बोलू देणार नाही. पण नवराबायको चार महिने वेगळे राहिले म्हणून घर लगेच तुटत नाही. परत जायचा तुमचा मनसुबा होता का आणि ते दार तुमच्यासाठी उघडं होतं का, यावर सगळं ठरेल. पहिलं तुम्ही सांगाल. दुसरं फक्त तुमची बायको सांगू शकते. तिला घेऊन या."

केलेपी टोपी घालून बाहेर पडला. जे विचारायला त्याला चार बाटल्या लागल्या होत्या, ते आता सरकारी कायदाच लेसिएलीला विचारणार होता.

*

लेसिएली आली. कारखान्यातली पाळी संपवून, केसांना जाळी तशीच ठेवून आली. वकीलबाईंचं सगळं तिने ऐकून घेतलं. केलेपी भिंतीशी, हात मांडीत घेऊन बसला होता.

"मी हो म्हटलं तर याचा परवाना परत मिळेल?"

"शक्यता चांगली आहे," बाई म्हणाल्या.

"नाही तर नोकरी जाईल. द्राक्षांचा ट्रक काय ढकलत नेणार आहे?" ती केलेपीकडे न बघता म्हणाली. "पोरींचं बघायला हवं. म्हणेन मी. दार उघडं होतं म्हणेन."

"उघडं होतं का?" बाईंनी विचारलं.

लेसिएलीने पर्स बंद केली. "दाराला कुलूप नव्हतं, बाई. अंगणात मी कपडे आणायला आले होते. एवढं खरं आहे. बाकी तुमच्या कायद्याला किती लागतं ते तुम्ही बघा."

बाहेर फूटपाथवर केलेपी तिच्यामागून चालत होता. "लेसिएली," तो म्हणाला, "मनात नसेल तर—"

"मनातलं विचारू नकोस. मनातलं सांगायला मी काही शपथ घेणार नाहीये."

त्या रात्री हॉलमध्ये पाउलासी आला. हा कारखान्यातला त्याचा सोबती, चर्चच्या गायनात वरच्या पट्टीचा, आणि सगळ्यात फाटक्या तोंडाचा. केलेपीच्या चटईवर बसकण मारून म्हणाला, "केलेप्या, नशीब काढलंस लेका! बायको भर कोर्टात सांगणार, हा माझा नवरा आणि हे याचं घर. माझी बायको घरातसुद्धा सांगत नाही."

केलेपी हसला खरा, पण तेच चित्र मग त्याला सोडेना. पवित्र ग्रंथावर हात ठेवून, भरल्या कोर्टात, तिच्या तोंडून ते शब्द. दयेपोटी म्हटले तरी काय झालं? शब्द तर तेच असतील. तो ते ऐकेल. एकदा ऐकायला मिळालं तर माणूस त्यावर किती दिवस काढेल!

तारखेच्या आदल्या रविवारी म्हातारे पाद्री मोएआकी प्रवचनाला उभे राहिले. त्यांचं प्रवचन म्हणजे आधी साधं बोलणं, मग बोलण्याला हेलकावे, आणि मग कधी त्याचं गाणं झालं ते कळायचंच नाही. "आपले पूर्वज नावा हाकायचे," ते सांगत होते. "अंधारात किनारा दिसत नसे. लाट नावेच्या बुडाला कशी लागते त्यावरून ओळखायचे, जमीन जवळ आली. पण बाळांनो, एखादा असा असतो की सोडलेल्या किनाऱ्यासाठी इतका रडतो, इतका रडतो, की नाव वाळूत रुतली तरी त्याला कळत नाही. पाय खाली टाक ना, वेड्या! प्रभू तुला विचारत नाही तू कुठून निघालास. प्रभू विचारतो, तुझी वाट कोण बघतंय?"

"मालिए! मालिए!" बाकांवरून शाबासकी उठली. म्हाताऱ्याचा आवाज चढत चढत सुरात शिरला, आणि मागच्या बाकावरच्या कुणा बाईने तो सूर उचलला. मग सगळं चर्चच उभं राहिलं. केलेपीने तोंड उघडलं, पण खर्ज लागेना. डावीकडून लेसिएलीचा आवाज येत होता, स्वच्छ, एकटा, खालून आधार नसलेला. तिने एकदाच मान वळवून पाहिलं. मग ती पुढे गात राहिली.

*

कोर्टाची खोली लहान होती आणि थंडगार केलेली होती. केलेपीने काळी लुंगी नेसली होती आणि कमरेला मानाची चटई बांधली होती, मोठ्यांसमोर जाताना बांधतात तशी. लेसिएली मागच्या बाकावर होती. तिची साक्ष नंतर होती.

पडद्यावर कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं गेलं. केलेपीने स्वतःलाच बघितलं, लाल डोळ्यांचा, गाडीला टेकलेला. "नाही साहेब. माझं घर एउआला." आणि चित्राच्या कोपऱ्यात, पायरीवर, टॉवेल पडला. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर काय आलं होतं ते तेव्हा त्याला दिसलं नव्हतं. आता सगळ्या कोर्टाला दिसलं.

वकीलबाईंनी छान सांभाळून घेतलं. बेटावरची माणसं घर म्हणजे काय समजतात, परवान्यावरचा पत्ता, भाडेकरार, कपाटात असलेले त्याचे कपडे. केलेपी हो हो म्हणत गेला. सगळं खरंच होतं. सरकारी वकील उठले, हॉलबद्दल चार प्रश्न विचारून बसले. त्याचीही उत्तरं त्याने खरी दिली. बाईंनी डोळ्यांनीच खूण केली, ठीक चाललंय.

मग न्यायाधीशांनी चष्मा काढला. पोटसुटे, शांत गृहस्थ होते ते. "मला एवढंच कळू द्या," ते म्हणाले. "त्या शनिवारी तुम्ही त्या अंगणात शिरलात, ते घरी परतणारा माणूस म्हणून, की पाहुणा म्हणून?"

'घरी' म्हटलं की संपत होतं. मनसुबा होताच की परतायचा. केलेपीने मागे पाहिलं. लेसिएली ओठ मिटून ताठ बसली होती, उचलायच्या ओझ्यापुढे माणूस बसतो तशी. आपल्यासाठी ती आता इथे येऊन ते ओझं उचलणार, हे त्याला दिसलं. शब्द तिच्या तोंडचे असतील, पण ते तिच्याकडून मागून घेतलेले असतील, आणि त्याने स्वतः तर तिला अजून काही विचारलंच नव्हतं.

"दोन्ही नाही, साहेब," तो म्हणाला.

वकीलबाईंचं पेन थांबलं.

"घरी परतणारा म्हणावं, तर मला कुणी ये म्हटलं नव्हतं. मीच सोडून गेलो होतो. अकरा वर्षं तिथे राहिलो, पण एकदाही त्याला घर म्हटलं नाही. त्या दिवशी मी तेच विचारायला निघालो होतो, की हे घर माझं म्हटलं तर चालेल का तुला. तोंडातून शब्द फुटेना म्हणून प्यायलो. आणि तिथे पोहोचल्यावर पोलीसदादांनी विचारलं तर भलतंच बोलून गेलो. त्यांची काही चूक नाही. त्या दिवशी ते माझं घर नव्हतं. असावं असं फार वाटत होतं, एवढंच."

 न्यायाधीशांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "फार वाटणं," ते म्हणाले, "कायद्यात बसत नाही हो."

बाईंना लेसिएलीला उभं करायचं कारणच उरलं नाही. दंड झाला, आणि सहा महिने गाडीला हात लावायचा नाही, असं ठरलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "असा हातातला खटला घालवलेला मी पहिल्यांदाच पाहिला," आणि जाता जाता त्याचा खांदा दाबून गेल्या.

लेसिएली जिन्याच्या कठड्याशी उभी होती.

"हे विचारायला आला होतास?"

"हो."

"बिअर पिऊन?"

"हो."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "इथे काही विचारू नकोस. कोर्टाच्या पायरीवर मला काही ऐकायचं नाही." आणि ती गाडीकडे निघून गेली. त्याला बस म्हणाली नाही.

*

कारखान्यात ट्रकऐवजी त्याला टाक्या धुवायचं काम मिळालं. शनिवारी काम सुटल्यावर तो हॉलवर गेला नाही. अंग धुऊन, स्वच्छ सदरा घालून कालव्याच्या बांधावरून चालायला लागला. मागून पाउलासीची गाडी आली.

"कुठे निघालास?"

"लेसिएलीकडे."

"बोलावलंय?"

"नाही."

"येऊ नको म्हणालीय?"

"तसंही नाही."

"मग बस की, सोडतो. एवढं लांब तंगड्या कशाला तोडतोस?"

"नको. मागच्या वेळी गाडीने फार लवकर पोहोचलो होतो."

पाउलासी खो खो हसला, पण गाडी पुढे न्यायच्या आधी हात बाहेर काढून त्याने केलेपीच्या पाठीवर एक थाप मारली.

ऊन उतरणीला लागलं होतं. दोन्ही बाजूंना छाटलेल्या वेली, कालव्यात मंद पाणी. एउआच्या वाटेवर चालताना समुद्र ऐकू यायचा, इथे पंपाची घरघर ऐकू येत होती. त्या आवाजाचीही आपल्याला केव्हापासून सवय झालीय, याचं त्याला नवल वाटलं.

लेसिएली पायरीवर बसून कंद सोलत होती. तो अंगणात, बरोबर गाडी थांबवली होती तिथे, येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. आणि जे बोलायचं होतं ते बोलला. वाक्य लहानच होतं. बोलताना आवाज दोनदा फाटला, पण ते शेवटपर्यंत गेलं.

सुरी थांबली नाही. साल लांबच लांब उतरत राहिली.

"मला माहीत नाही, केलेपी," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही अजून. अकरा वर्षांची सवय आहे मला तू नसल्याची. तू घरात असतानासुद्धा."

"पुन्हा विचारू का? पुढच्या शनिवारी?"

"तुला अडवलंय कुणी?"

तो मान हलवून उभाच राहिला. चालून चालून घसा सुकला होता. त्याने ओठांवरून जीभ फिरवली, ते तिला दिसलं.

"तहान लागली असेल तर आतून घे पाणी. माझे हात भरलेत. मी काही उठून पेला आणून देणार नाही तुला."

केलेपीने चपला काढल्या. जाळीचं दार ढकलून तो आत गेला. स्वयंपाकघरात संध्याकाळचं ऊन ओट्यावर आडवं पडलं होतं. त्याने नेहमीचं कपाट उघडलं. तिथे पेले नव्हते, ताटल्या होत्या. शेजारचं उघडलं. तिथे डबे. नाताळापासून तिने सगळ्याच्या जागा बदलल्या होत्या.

"लेसिएली," त्याने आतून हाक मारली, "पेले कुठे ठेवलेस गं?"

"शोध," ती बाहेरून म्हणाली.

तो एकेक कपाट उघडत गेला.